उपासाच्या दिवसाची गोळी

अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, अशी आमच्या विभागात माझी ख्याती होती आणि त्या ख्यातीचा मला माज होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं जे घडलं ते मला काही माहीत नव्हतं म्हणून घडलं नाही. माहीत सगळं होतं.

तेव्हा मी कोल्हापुरात फार्म-डीच्या पाचव्या वर्षाला होते. औषधशास्त्राचा हा सहा वर्षांचा कोर्स. शेवटी नावापुढं डॉक्टर लागतं, पण आपण ना डॉक्टर असतो ना दुकानदार. पेठ वडगावातल्या आमच्या गल्लीला हे मला कधीच पटवून देता आलं नाही. "म्हंजे मेडिकलच काढणार की," म्हणून लोक मोकळे व्हायचे. मी चिडून सांगायचे की आम्ही वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरतो, रुग्णाच्या औषधांवर नजर ठेवतो, कुठल्या गोळीचं कुठल्या गोळीशी जमत नाही ते बघतो आणि घरी गेल्यावर ती कशी घ्यायची ते समजावून देतो. ऐकणारा मान हलवायचा आणि मग विचारायचा, दुकान वडगावात टाकणार की कोल्हापुरात.

तिसऱ्या वर्षाला असताना मी बी.एस्सी.लाही नाव घातलं. दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी मिळाली होती, एक कॉलेजात बसून आणि दुसरी दूरशिक्षणानं. आमच्या कोर्सच्या दोन वरच्या मुली नोकरीविना घरी बसलेल्या मी पाहिल्या होत्या, त्यामुळं भीती होती. शिवाय संशोधनात जायचं तर रसायनशास्त्राचा पाया पक्का हवा, असंही मनात होतं. पण खरं सांगायचं तर लोकांनी "दोन-दोन डिग्र्या?" असं डोळे मोठे करून विचारलं की मला बरं वाटायचं. आठवडाभर वॉर्ड आणि रविवारी अभ्यासकेंद्रात तास, अशी माझी दोन वर्षं पळापळीत गेली होती. या पळापळीत माझं सगळं नीट चाललंय, असा माझा समज होता.

गणपती बसले होते त्या आठवड्यातला शनिवार. बाह्यरुग्ण विभागात चंदगडकडच्या एका वाडीतून एक जोडपं आलं होतं. बाई साठीच्या आतबाहेर, संधिवातानं हाताची बोटं वाकडी झालेली. सोबत नवरा, धोतर आणि टोपी, हातात नायलॉनची पिशवी. डॉक्टरांनी त्यांना मेथोट्रेक्झेट सुरू केलं होतं. सांध्यांसाठी हे चांगलं औषध आहे, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर तेच औषध शरीरातल्या नव्या पेशी बनणंच बंद पाडतं. आधी तोंड सोलून निघतं, मग रक्त उतरतं. आमच्याकडं पहिल्या वर्षापासून हे घोकून घेतात. गाव लांब म्हणून डॉक्टरांनी दहा गोळ्यांचा पत्ता एकदमच लिहिला होता, दहा आठवड्यांचा.

समजावून देण्याचं काम माझं होतं. मला घाई होती. बी.एस्सी.ची वही त्या दिवशी चारच्या आत केंद्रावर टाकायची होती आणि तीन वाजून गेले होते. मी विचारलं, "मावशी, उपास कुठल्या वारी करता?" त्या म्हणाल्या, मंगळवारी, आंबाबाईचा. मग मी माझी नेहमीची युक्ती काढली. गोळी आठवड्यातून एकदाच, उपासाच्या दिवशी. आणि दुसरी बारकी गोळी, फोलिक ॲसिडची, ती उपास नसेल त्या दिवशी. उपास असेल तर मोठी, नसेल तर बारकी. दोघांकडून ते दोनदा वदवून घेतलं. काका न अडखळता म्हणून दाखवत होते. ही युक्ती माझी स्वतःची होती. विसरभोळ्या म्हाताऱ्यांनाही उपास विसरत नाही, हे मी हेरलं होतं. आमच्या विभागाच्या बाईंनी तिचं कौतुक करून ती सगळ्या मुलींना वापरायला सांगितली होती.

फॉर्मवर फोन नंबराचा रकाना होता. दोन आठवड्यांनी मीच फोन करून चौकशी करायची, अशी पद्धत. काकांकडं फोन नव्हता. गोव्यात कामाला असलेल्या मुलाचा नंबर चिठ्ठीवर होता आणि चिठ्ठी पिशवीत तळाशी कुठंतरी. ते एकेक वस्तू बाहेर काढून बाकावर ठेवू लागले. मी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, राहू दे काका, पुढच्या वेळी लिहू. निघताना त्यांनी विचारलं की तुम्ही इथल्या डॉक्टर का. मी माझ्या दोन्ही शिक्षणांची माहिती दिली. घाई असली तरी तेवढा वेळ मला होता.

वही वेळेत पोचली.

मग गणपती गेले, पितृपंधरवडा गेला आणि एका सोमवारी घट बसले. आमच्या घरीही बसले. आई नऊ दिवस उपास करते, वर्षानुवर्षं करत आलीये. सकाळी मी डबा घेऊन निघायचे तेव्हा ती घटाला पाणी घालत असायची आणि मला म्हणायची, तुझ्या डब्यातलं मला चाखता येत नाही, मीठ बघून घे. सहा दिवस ती मला हेच म्हणाली आणि सहाही दिवस मी मीठ बघून घेतलं. त्यापलीकडं माझ्या डोक्यात काही आलं नाही. याचा राग मला अजून येतो. परका माणूस चुकला असता तर मी म्हटलं असतं की त्याला आपल्याकडचं काय माहीत. पण मी तर याच घरात वाढले होते.

सातव्या दिवशी, रविवारी, केंद्रावर जीवरसायनाचा तास होता. सर फळ्यावर विकरांचं, म्हणजे एन्झाइमांचं, काम आणि ते अडवणारी रसायनं शिकवत होते. असं अडवणारं एखादं औषध सांगा, असं त्यांनी विचारलं आणि अर्थातच माझा हात वर गेला. मी उभी राहून मेथोट्रेक्झेट सांगितलं. फोलिक ॲसिड कामाला लागायच्या आधीच हे औषध त्याची वाट अडवतं, मग पेशी नवी होऊ शकत नाही, तोंडातल्या आणि रक्तातल्या पेशी सगळ्यात आधी मरतात. सर खूश झाले. वर्गातल्या लोकांनी मागं वळून पाहिलं. मी बसले तेव्हा मला अगदी छान वाटत होतं.

चहाच्या सुट्टीत कुणीतरी सगळ्यांसाठी वडे आणले. आमच्या वर्गात एक शाळेतल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाई होत्या, चाळिशीतल्या. मी वड्यांचा कागद त्यांच्यापुढं धरला. त्या म्हणाल्या, "मला नको गं. नऊ दिवस उपास हाय माझा."

मी कागद धरूनच उभी राहिले. त्या विचारत होत्या काय झालं, आणि माझ्या डोक्यात काकांचा आवाज चालू होता. उपास असेल तर मोठी, नसेल तर बारकी. सोमवारपासून मोजलं, सात दिवस. घटाआधीचे मंगळवार तीन. तीन आणि सात, दहा. पत्ता दहाचा होता.

बाहेर येऊन मी विभागाच्या बाईंना फोन लावला. आधी वाटलं, सांगूच नये, आपणच जाऊन बघावं, कदाचित तसं काही नसेलही. तो विचार माझ्या मनात आला होता हेही लिहिते. बाईंनी सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं, "ही युक्ती आणखी कुणाकुणाला सांगितलीय?" मी म्हटलं, सगळ्या मुलींनी सांगितलीय. त्या म्हणाल्या की तू चंदगडची एसटी धर, इथलं मी बघते. त्यांनी रविवारच्या दिवशी सगळ्या मुलींना विभागात बोलावून फोनला बसवलं. चंदगडच्या आरोग्य केंद्रातही फोन केला. तिथं दोन तासांनी कुणीतरी उचलला आणि सांगितलं की त्या वाडीला रेंज नाही, निरोप पाठवून बघतो.

एसटीत माझ्या शेजारची बाई केळं सोलून खात होती. तिलाही उपास असणार. पुढच्या सीटवर अनवाणी पायांच्या तीन बायका, त्यांनाही. सगळी गाडी उपाशी आहे असं मला वाटायला लागलं. निपाणी गेलं, गडहिंग्लज गेलं. पाऊस परतीचा होता पण चंदगडकडं तो परतायचं नाव घेत नाही. डोंगर दिसेनासे झाले, काचा आतून धुरकटल्या. मी पुन्हा पुन्हा हिशेब लावत होते. वय साठ. मूत्रपिंडं कशी होती, रिपोर्ट आठवेना. उपासात पाणी कमी पितात, म्हणजे औषध अंगातून लवकर बाहेर पडणार नाही. त्यावर साबुदाणा आणि मिरची. तोंड आलं तर कुणालाच वेगळं वाटणार नाही, उपासाची उष्णता म्हणतील. दोन्ही शिक्षणं माझ्या डोक्यात अगदी सुरळीत चालली होती. मला काय दिसणार आहे ते ती मला आधीच सांगत होती आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

चंदगडातून वडाप जीप मिळाली, वाटेत माणसं गोळा करत जाणारी. ड्रायव्हरनं विचारलं, "पावणं, कुणाकडं जायाचं?" मी नाव सांगितलं. तो म्हणाला, त्या म्हातारीला बरं न्हाय म्हणत्यात, तोंडच उघडंना झालंय. मागं बसलेली एक बाई म्हणाली की उष्णता उठलीय, मी सब्जा नेऊन दिला काल. मग ते दोघं काजूच्या बागेबद्दल बोलायला लागले.

घर मातीचं, सारवलेलं. कोपऱ्यात घट, त्यावर धान्य बोटभर उगवलेलं, पिवळं. समईत दिवा. त्याच्यासमोर घोंगडीवर मावशी पडलेल्या. ओठ फाटून काळे झालेले, तोंडाच्या कडेनं लाळ वाहत होती आणि ती लाळ तांबूस होती. अंगाला हात लावला तर ताप होता. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. पाहुणी आली म्हणून.

काका मात्र मला बघून सुखावले. एवढ्या लांबून डॉक्टरीणबाई घरी आल्या, असं त्यांनी शेजारी हाक मारून सांगितलं. मी विचारलं की गोळ्या कशा दिल्या. ते म्हणाले, "तुमी सांगितलं तसंच की. उपासाच्या दिवशी मोठी. सोमवारपास्नं एकबी चुकवली न्हाय. आज गिळवंना म्हणून पाण्यात इरघळवून पाजली."

बारकी गोळी? ती त्यांनी देव्हाऱ्यात जपून ठेवली होती, दसरा झाला की पुन्हा सुरू करायची म्हणून. मोठ्या गोळीचा पत्ता संपला होता. उद्या चंदगडला जाऊन नवा आणणार होते, कारण उपासाचे दोन दिवस अजून बाकी होते. रिकामा पत्ता त्यांनी मला दाखवला, मी तपासायला आलेय असं समजून.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला न्यायचं. काका लगेच उठले, पण मावशी मान हलवायला लागल्या. बोलता येत नव्हतं. त्यांनी घटाकडं बोट केलं, मग दिव्याकडं. घट उठल्याशिवाय त्या घर सोडणार नव्हत्या. नऊ दिवस दिवा विझता कामा नये आणि ते व्रत त्यांनी धरलेलं. मी हात जोडले, ओरडलेसुद्धा. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. यात पाऊण तास गेला. शेवटी जीपमधली ती सब्जावाली बाई आली आणि म्हणाली, मी बसते दिव्यापाशी, माळ पण मीच घालते, तू जा. तेव्हा मावशींनी तिच्याकडून ते दोनदा मान हलवून कबूल करून घेतलं आणि मगच हात पुढं केला. आम्ही त्यांना घोंगडीसकट जीपमध्ये निजवलं.

दवाखान्यात बाईंनी सगळी तयारी ठेवली होती. अशा विषबाधेवर उतारा म्हणून एक इंजेक्शन असतं. ते फोलिक ॲसिडचंच तयार रूप, अडवलेल्या वाटेला वळसा घालून जाणारं. ते लगेच सुरू झालं. पण त्याचंही एक गणित आहे, जे मला दोन्हीकडं शिकवलं होतं. जितका उशीर, तितका त्याचा उपयोग कमी. आणि ज्या पेशी बनल्याच नाहीत त्यांची उणीव दिसायला काही दिवस लागतात. म्हणजे औषध बंद झालं, उतारा चालू झाला, तरी रक्त उतरतच जातं. मी रोज सकाळी फाइल उघडायचे आणि पांढऱ्या पेशींचा आकडा आदल्या दिवसापेक्षा खाली आलेला असायचा. तो खाली येणार हे मला माहीत असायचं आणि तरी मी उघडताना देवाचं नाव घ्यायचे.

दसऱ्याला वॉर्डातल्या नर्सनं प्रत्येक खाटेवर आपट्याचं एक पान ठेवलं. मावशींचं पान काकांनी टोपीत खोचून ठेवलं, त्यांना जंतुसंसर्ग नको म्हणून. कुणीतरी काकांना समजावलं होतं आणि त्यांना ते नीट समजलं होतं. त्यांना सांगितलेलं सगळंच नीट समजायचं.

त्या दिवसांत मी झालेल्या चुकीचा अहवाल लिहिला. औषधाच्या बाबतीत घोटाळा झाला की तो लिहून द्यायचा असतो. त्यातल्या 'कारण' या रकान्यात बहुतेक वेळा "रुग्णाचा गैरसमज" असं लिहितात. मी लिहिलं, सल्ला देणारीनं सांगितलेली खूण चुकीची होती, रुग्णानं सल्ला तंतोतंत पाळला. खाली माझं नाव. बाईंनी तो वाचला, माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढं पाठवला. मला त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी गेल्या.

काका वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. कागद तयार व्हायला वेळ होता, मुलगा गोव्याहून निघाला होता. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. ते जमिनीकडं बघत म्हणाले की शेवटची गोळी तिला गिळवत नव्हती, तिनं नको म्हणून हात केला होता, पण आपणच जबरदस्तीनं पाजली. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "माझंच चुकलं न्हवं?"

मी म्हटलं, "नाही काका. माझं चुकलं. मी वार सांगायला हवा होता, मी उपास सांगितला. नवरात्र माझ्या ध्यानात आलं नाही. तुम्ही केलंत ते सगळं मी सांगितल्यामुळं केलंत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता हात उगारतील. मी त्याची वाटच बघत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुमी दोन-दोन डिग्र्या शिकताय पोरी, तुमच्या हातनं कशी चूक हुईल? आमी अडाणी मानसं. मला बरं वाटावं म्हणून बोलू नगा तसं."

मी पुन्हा सांगितलं. अहवालाचं सांगितलं, त्यात माझं नाव आहे म्हणून सांगितलं. मोठ्यानं बोलायला लागले तेव्हा नर्सनं आत बोलावून पाणी दिलं. बाहेर आले तर काका दुसऱ्या एका पेशंटच्या नातेवाइकाला सांगत होते, की पोरगी लई मायाळू आहे, एवढ्या लांबून धावत आली, आता आमच्यासाठी रडतीय. माझ्याकडं सांगायला आणखी काही उरलं नव्हतं. जे माझ्याजवळ होतं, दोन्हीकडचं शिक्षण आणि अंगावरचा पांढरा कोट, ते सगळं माझ्या बोलण्याच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

दुपारी मुलगा आला. तिशीतला, प्रवासानं आणि रडून डोळे सुजलेले. डॉक्टरांनी त्याला काय झालं ते सांगितलं, गोळी रोज घेतली गेली म्हणून. तो बाहेर आला आणि बापापुढं उभा राहिला. रोज कुणी दिली, असं त्यानं विचारलं. मी पुढं होऊन तोंड उघडलं, पण काकांनी मला हातानंच थांबवलं.

"मी," ते म्हणाले.

मी मुलाच्या मागं जिन्यापर्यंत गेले आणि त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हात जोडले आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही लई केलंत. मग खाली गाडी लागली. मावशींना मागं ठेवलं, त्यांच्याजवळ काका चढून बसले. मुलगा पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. दोन तासांत तो बापाशी एक शब्दही बोलला नव्हता.